भट्टीतून आलेला गुडघा

फुशिमी, क्योतो
११ फेब्रुवारी

वन्सं,

किनुएचा नमस्कार. थंडी अजून हटलेली नाही, पण मागच्या अंगणातल्या प्लमला कळ्या धरल्यात. पत्राची अशी सुरुवात तुम्हाला आवडत नाही, ठाऊक आहे. पण सासूबाईंनी मला तसंच शिकवलं आणि आता या वयात हात वळत नाही. फोनवर तुम्हाला धड ऐकू येत नाही, आणि ही गोष्ट दुकानात उभं राहून ओरडून सांगण्यासारखी नाही. म्हणून लिहिते.

मंगळवारी इस्पितळातून फोन आला. 'ओबाता बाई, जरा येऊन जा, गुडघ्याचा फोटो काढायचाय.' मला वाटलं, नेहमीचंच असेल. टोफूचा शेवटचा साचा उलटा केला, बूट बदलले आणि चालत गेले. चालत, वन्सं! गेल्या वर्षी याच वाटेवर मासातो मला पाठुंगळी घ्यायला निघाला होता. 'लोक काय म्हणतील' म्हणून मी त्याला शिव्या घातल्या होत्या. नवा गुडघा बसल्यापासून मी रोज सकाळी तुमच्या भावाच्या तसबिरीपुढे उशी टाकून दोन्ही गुडघे मोडून बसते. बसत होते. आमच्या गल्लीत माझ्या वयाची दुसरी कुणी तशी बसत नाही, आणि मी ते सगळ्यांना सांगूनही आले होते.

डॉक्टर त्या दिवशी हसले नाहीत. म्हणाले, 'तुमच्या मांडीच्या हाडावर सिरॅमिकची जी टोपी बसवलीय, ती ज्या मालातली आहे त्यातले काही तुकडे लोकांच्या पायांत तडकलेत. कारखान्यानं भट्टी बदलली होती. नव्या भट्टीतल्या पहिल्या मालात काहीतरी चुकलं.'

मी विचारलं, 'माझा तडकलाय?'

'फोटोत काही दिसत नाही.'

'म्हणजे नाही ना?'

ते म्हणाले, 'केसाएवढी चीर फोटोत दिसेलच असं नाही.'

आता जमिनीवर बसायचं नाही, ओझं उचलायचं नाही, जिना शक्यतो चढायचा नाही. धातूचा गुडघा बसवता येत नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. घड्याळाच्या मागच्या पत्र्यानंसुद्धा माझं मनगट चिघळायचं. म्हणूनच तर हा घेतला.

वन्सं, तुमचा जन्म भट्टीपाशी गेला. एक खरं सांगा. भांडं फुटण्याआधी काही आवाज करतं का? कारण परवा उठताना आत 'टक्' झालं. दुखलं नाही. नुसतं टक्.

किनुए

—

शिगाराकी
१५ फेब्रुवारी

किनुए,

प्लमच्या कळ्या पोचल्या. आता कामाचं बोलते.

पहिली गोष्ट, तुझ्या पायात माती नाही. गेल्या वर्षी 'मडक्याचा गुडघा' म्हणून मी तुझी थट्टा केली, ती मागे घेते. ती अॅल्युमिनाची भुकटी असते, पांढरीशुभ्र, आणि ती ज्या धगीत भाजतात त्या धगीत आमची भट्टी भिंतींसकट वितळून जाईल. त्यातून निघालेल्या तुकड्यावर सुरी ओढली तर सुरीच झिजते. आमच्या कुंड्यांशी त्याचं नातं विचारशील तर तुझं नि सम्राटाच्या बायकोचं जेवढं तेवढं.

दुसरी गोष्ट, गुडघे सगळ्यांचेच वाजतात. माझेही वाजतात. तुझ्या नवऱ्याचे तर अंथरुणातून उठताना फटाक्यांसारखे वाजायचे, आणि त्यात देवानं दिलेलं हाडच होतं.

आता तू विचारलंयस ते. आम्ही भांडं डाव्या हातावर तोलतो आणि उजव्या हाताच्या बोटानं टिचकी मारतो. चांगलं असेल तर घंटेसारखं बोलतं. चीर असेल तर बद्द आवाज येतो. माझे कान गेल्यापासून मी हे तळहातानं ओळखते. चांगलं भांडं हातात थरथरतं. पण भांडं आपणहून आधी सांगत नाही. आम्ही लाकडाची भट्टी मोडून गॅसची बांधली तेव्हा कितीतरी महिने माल असाच गेला. दिसायला नवरीसारखा. फळीवर उभा राहायचा, ऊन खायचा, आणि एखाद्या सकाळी कुणी हातही लावलेला नसताना दोन फाका होऊन पडलेला असायचा.

हे मी का लिहिलं? खोडत नाही. खोडलं तर तू उजेडात धरून वाचशील.

चहा पी. खुर्चीवर बस.

ताझुको

—

फुशिमी
२४ फेब्रुवारी

वन्सं,

मी टिचकी मारली.

आधी बोटानं, मग सोयाबीन ढवळायच्या लाकडी पळीनं. बद्द आवाज आला. मासातो दारात उभा होता. 'आई, वरून कातडी आहे, मांस आहे, घंटेसारखं कसं वाजेल?' त्याचं म्हणणं मला पटलं. तरी मी दुसऱ्या गुडघ्यावर, माझ्या स्वतःच्या, मारून बघितलं, आणि तो मला जरा वेगळा वाटला.

दुकानात जात नाही. फरशी सतत ओली, तुम्हाला माहीत आहे. तीस वर्षं मी त्या फरशीवर भरलेले टब घेऊन पळाले, आणि आता पहिल्या पायरीशी उभी राहून मला घाम फुटतो. पोटऱ्या आखडल्यात, कारण पाऊल टाकते ते अंगाचा सगळा भार वर उचलून धरल्यासारखं. तुमच्या भावापुढे खुर्चीवर बसून घंटा वाजवते. ते खाली, मी वर. लाज वाटते.

इस्पितळात बाकावर एक बाई भेटल्या, हिसामात्सु आडनावाच्या. त्यांचा तडकला. मी विचारणार नव्हते, पण विचारलं. त्या म्हणाल्या, 'मी मटार सोलत होते. परात घेऊन उठले. रजईखाली कुणीतरी वाडगा फोडावा तसा आवाज आला. दुखलं नंतर. आधी मी इकडेतिकडे बघितलं, काय फुटलं म्हणून.'

वन्सं, त्या नुसत्या उठल्या होत्या.

डॉक्टरांनी आता दोन वाटा ठेवल्यात. एक, आहे तसं राहू द्यायचं, ठरावीक महिन्यांनी फोटो काढत राहायचे. दुसरी, पुन्हा गुडघा उघडून हा काढायचा आणि खात्रीच्या मालातला दुसरा बसवायचा. पण माझी साखर जास्त. मागच्या वेळी जखम किती दिवस भरत नव्हती, तुम्ही पाहिलंत. आणि समजा उघडला आणि आतला तुकडा धडधाकट निघाला तर? मासातो म्हणतो, 'आई, तू सांगशील तसं.' सगळे तेच म्हणतात.

आठ तारखेला डॉक्टरांना उत्तर द्यायचंय. तुम्ही याल का बरोबर? तुम्ही शेजारी बसलात तर मला काय विचारायचं ते सुचेल. येताना काही आणू नका. फक्त या.

किनुए

—

शिगाराकी
२ मार्च

किनुए,

येता येत नाही. भट्टी लावायची आहे, पोरगा योशित्सुगु एकटा, त्याला झेपत नाही.

माझं मत विचारशील तर हात लावू देऊ नकोस. भरलेली जखम कुणी उकरतं का? आहे तसं राहू दे.

मासातोला घेऊन जा. तो समजूतदार आहे, बापावर गेला नाही.

ताझुको

—

फुशिमी
१० मार्च

वन्सं,

ऋतूबद्दल काही लिहीत नाही, तुमचा वेळ वाचेल.

आठ तारखेला मी मासातोबरोबर गेले. डॉक्टर बोलत होते आणि मी मान हलवत होते. बाहेर आल्यावर मला एक शब्द आठवेना. तरी तारीख घेऊन आले. वीस एप्रिल. गुडघा उघडून बदलायचा.

काल योशित्सुगु फुलवाल्याकडे कुंड्या पोचवायला इकडे आला होता. डोकावला. मी म्हटलं, 'भट्टी कशी झाली?' तो म्हणाला, 'कुठली भट्टी, मामी? नववर्षापासून थंडच आहे की.' मग माझा चेहरा बघून चहा अर्धा टाकून निघून गेला.

मी तुमच्या घरात सून म्हणून आले तेव्हा तुम्ही मला म्हणाला होतात, 'आमच्याकडे तोंडावर बोलतात.' तुमची सगळी बोलणी मी तोंडावर ऐकून घेतली. यायचं नव्हतं तर तसं लिहायचं. थंड भट्टीचं नाव कशाला? आणि स्वतः यायचं नाही, वर 'हात लावू देऊ नकोस' म्हणून सांगायचं. पाय माझा आहे, वन्सं. फुटला तर माझ्या आत फुटेल.

किनुए

—

शिगाराकी
१६ मार्च

किनुए,

तुझं पत्र वाचलं. बरोबर लिहिलंयस.

भट्टी थंड आहे. आणि मी आले होते.

आठ तारखेला सकाळच्या गाडीनं निघाले. तुला कळवलं नाही, कारण पोचेन याची मला खात्री नव्हती. किबुकावाला गाडी बदलली, कुसात्सुला बदलली, दोन्हीकडे लोकांनी हात दिला. क्योतोला उतरले. फलाटावरून वर जायच्या जिन्याशी आले आणि तिथे माझा उजवा गुडघा अडकला. वाकेना, सरळ होईना. मागून माणसं येत होती, मला चुकवून वर जात होती. मी कठडा धरून उभी राहिले. लिफ्ट फलाटाच्या दुसऱ्या टोकाला, पण मला ना पुढे जाता येईना ना मागे. शेवटी एका रेल्वेवाल्यानं मला धरून बाकावर बसवलं. तो काहीतरी विचारत होता, मला ऐकू येत नव्हतं, मी नुसती 'हो हो' म्हणत होते. तुझ्या डॉक्टरांची वेळ तिथे बसूनच गेली. मग परतीच्या गाडीत त्यानंच चढवलं.

मागच्या वर्षीपासून हे असं आहे. मिझुगुचीच्या डॉक्टरांनी गुडघा बदलायला सांगितलाय. मला धातूचा चालेल म्हणाले, तुझ्यासारखी कातडी नाही माझी. मी त्यांना म्हटलं, आधी माझी वहिनी कशी चालते ते बघते, मग ठरवते. तू उशीवर बसायला लागलीस तेव्हा मी ठरवत आणलं होतं. मग तुझं ते फेब्रुवारीचं पत्र आलं.

'हात लावू देऊ नकोस' हे तुझ्यासाठी नव्हतं लिहिलं. मला सुरीची भीती वाटते, किनुए. आमच्या ह्यांना आत नेलं ते चालत गेले होते, आणि बाहेर आणलं तेव्हा चादर तोंडावर होती. तेव्हापासून इस्पितळाचा वास आला तरी माझे तळहात ओले होतात. तुझ्याबाबतीत काय खरं नि काय खोटं, मला खरंच कळत नाही. ज्या भट्टीत मी डोकावलेले नाही तिच्याबद्दल मी काय सांगणार?

राग धर हवा तर. पण लिहीत राहा.

ताझुको

—

फुशिमी
१९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र मी दुकानाच्या पायरीशीच, सगळ्यांसमोर वाचलं आणि रडले. गिऱ्हाइकांना वाटलं, टोफू संपला म्हणून रडतेय.

तुम्ही माझ्यापासून पंधरा मिनिटांच्या वाटेवर बाकावर बसला होतात! मासातोला पाठवलं असतं. तुम्ही एकट्या असता, जिना उतरता, त्या वाळवणीच्या शेडमध्ये जाता. आजच योशित्सुगुला सांगा, रोज यायला. आणि मिझुगुचीच्या डॉक्टरांना भेटा. हे पत्र मिळाल्या मिळाल्या दोन ओळी लिहा.

किनुए

—

फुशिमी
३० मार्च

वन्सं,

दोन ओळी नाहीत. योशित्सुगु बायकोच्या माहेरी क्यूशूला गेलाय म्हणे. शेजारच्या कोनिशींना फोन केला, कुणी उचलत नाही. मासातो म्हणतो, संध्याकाळी दुकान बंद करून गाडीनं जाऊ.

हे पत्र टपालात टाकत नाही. सोबत घेऊन येते. मी आत्ताच निघते.

किनुए

—

मिझुगुची, इस्पितळ
९ एप्रिल

किनुए,

डावा हात प्लॅस्टरमध्ये आहे, उजवा मोकळा. नर्स म्हणते, हाड जुळेल. गुडघ्याचं मात्र ती काही म्हणत नाही, नुसती डॉक्टरांकडे बघते.

तू मला काही विचारलं नाहीस, म्हणून मीच सांगते. तुझं पत्र आलं होतं. डॉक्टरांकडे जायचं धैर्य होईना म्हणून उत्तर लांबवत राहिले. शेवटी त्या दिवशी लिहायला घेतलं, मग म्हटलं आधी शेडमधल्या कुंड्यांवरची ओली फडकी बदलून येते. वरच्या फळीकडे हात नेला आणि गुडघा गेला. फळी अंगावर आली नाही, एवढंच नशीब. सकाळ होती. मी ओरडले. केवढ्यानं ओरडले ते मला कळत नाही, माझाच आवाज मला ऐकू येत नाही. दारातून उन्हाचा पट्टा आत येतो तो माझ्या पायांवरून कमरेवर आला. मला वाटलं, तो भिंतीवर जाईल, मग जाईल, आणि उद्या परत येईल, आणि मी इथेच. तहानेपेक्षा मला त्याची भीती वाटली.

मग दारात रबरी बूट दिसले. पांढरे. टोफूच्या दुकानातले. मला वाटलं, डोकं फिरलं माझं.

तू आलीस, वाकलीस, आणि मला तुझा विचार कळला. तू खाली टेकणार होतीस. मी जीव तोडून ओरडले, 'किनुए, गुडघा! टेकू नकोस!' तू टेकलीस. तोच गुडघा, कडक मातीच्या जमिनीवर. माझ्या काखेत हात घातलेस आणि उचललंस. किनुए, देवाशपथ सांगते, तेवढ्या वेळात माझा हात, माझा पाय, काही दुखलं नाही. मी फक्त तुझ्या गुडघ्याकडे बघत होते. आत्ता फुटेल, आत्ता फुटेल. मला तर फुटलेलं ऐकूही आलं नसतं. म्हणून मी तुझ्या तोंडाकडे बघायला लागले, तिथे कळेल म्हणून.

तू उचलताना काहीतरी बोललीस. ओठ हलले. काय म्हणालीस?

इथले डॉक्टर म्हणतात, गुडघा बदलावा लागेल, आता पर्याय नाही. अकरा मेची तारीख दिलीय. मी हो म्हटलं. म्हटलं, पण सुरीची भीती तशीच आहे. जन्म मातीत काढला आणि पायात धातू घालून जाणार.

तुझ्या वीस तारखेचं काय?

ताझुको

—

फुशिमी
८ मे

वन्सं,

डोंगर हिरवेगार झालेत. हे लिहिणारच.

मधे तीनदा येऊन गेले, पण तुमच्यासमोर बसलं की ओरडून बोलावं लागतं आणि शेजारच्या खाटेवरच्या आजी कान देऊन ऐकतात. म्हणून काही गोष्टी राहिल्या.

मी काय म्हणाले ते तुम्ही दोनदा विचारलंत. काहीतरी धीराचं म्हणाले असेन असं तुम्हाला वाटतंय. मी म्हणाले, 'आई गं, या किती जड आहेत!'

दुसरं. तुम्हाला उचललं तेव्हा आत टक् झालं. मी ऐकलं. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघत होतात म्हणून मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. तुम्हाला शेडबाहेरच्या बाकावर बसवलं आणि मग रस्त्यावर माणूस शोधायला गेले, तेव्हा कुंपणाला धरून उभी राहिले आणि वाट बघितली. फुटायची. गाडीतही तेच. स्टेशनच्या जिन्यावर तेच. शिगाराकीचा तो चढ मी पळत चढले असं तुम्ही सगळ्या वॉर्डाला सांगताय, पण मी पळाले नाही. मी कठडे धरत, देवाचं नाव घेत आले. दाराशी होते ते दुकानातले बूटच पायात गेले, ते शौर्यानं नव्हे, भीतीनं.

दुसऱ्या दिवशी फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, 'पहिल्यासारखाच आहे.' मी विचारलं, 'म्हणजे चांगला?' ते म्हणाले, 'म्हणजे पहिल्यासारखा.' त्याहून जास्त त्यांना माहीत नाही आणि ते खोटं बोलत नाहीत, एवढं मला आता कळतं.

वीस तारखेचं ऑपरेशन मी रद्द केलं. भीती गेली म्हणून नाही. खुर्चीवर बसून विचार केला, की हा काढून दुसरा बसवला तरी तोही कुठल्यातरी भट्टीतूनच निघणार, आणि त्या भट्टीतही मी डोकावलेली नसणार. मग मी पुन्हा पळी घेऊन बसणार. त्यापेक्षा हा निदान तुमचं वजन पेलून उभा राहिलाय. फोटो काढत राहायचे. एखाद्या सकाळी रजईखाली वाडगा फुटेल, नाहीतर फुटणार नाही. दुकानात जायला लागलेय. मासातोनं ओल्या फरशीवर लाकडी फळ्या टाकल्यात. गिऱ्हाईक बोलत असतं तेव्हा विसरते. पहिल्या पायरीशी रोज आठवतं.

हे पत्र तुम्हाला आदल्या दिवशी मिळेल. उद्या तुम्हाला आत नेतील. तळहात ओले होतील, होऊ द्यात. 'काही होत नाही' असं मी लिहिणार नाही, तुम्ही ते खाडकन माझ्या तोंडावर माराल. मला स्वतःला आत नेलं तेव्हा मी नर्सचा हात इतका दाबला होता की तिनं 'आई गं' केलं. तुम्हीही दाबा.

मी सकाळच्या पहिल्या गाडीनं येते. तुम्हाला बाहेर आणतील तेव्हा दारासमोर असेन, चादर कुठवर ओढलीय ते सगळ्यात आधी मी बघेन. त्या बाहेरच्या जागेत बसायला काय आहे कोण जाणे. डॉक्टरांनी मला जमिनीवर बसायची अजून मनाई केलीय.

खुर्ची नसली तर उभी राहीन.

किनुए